पढवलेला आवाज

कोर्टात तिला सगळे स्टेनोबाई म्हणत. न्यायाधीशांच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली, तिचं टेबल होतं. बावीस वर्षं तिथे बसून ती साक्षीदारांचं बोलणं टिपून घेत आली होती. मान वर करायला सवड नसे, त्यामुळे कित्येक साक्षीदार तिला चेहऱ्याने नाही, आवाजाने आठवत. खरं सांगणारा माणूस अडखळतो, मागे जातो, आपलंच वाक्य खोडतो, असं ती म्हणायची. पढवलेला मात्र घडाघडा बोलतो. आणि दोघांना एकाच माणसाने पढवलं असेल तर ओळखणं अगदीच सोपं. दोघांच्या जबानीत चूकसुद्धा तीच असते.

नवरा गेला तेव्हा ती कोर्टातच होती.

तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. त्या दिवशी ‘जरा अंग जड वाटतंय’ म्हणून घरी राहिला होता. घरात त्याची आईही होती. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्टेनोबाईच्या पर्समधला फोन थरथरला. साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता, वकील हातवारे करून बोलत होते. तिने टेबलाखाली हात घालून फोन कापला. मिनिटभराने तो पुन्हा थरथरला. तिने पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आलाच नाही. पाऊण तासाने शिपाई वाकून तिच्या कानाशी लागला. शेजाऱ्यांनी ऑफिसात निरोप ठेवला होता. नवरा स्वयंपाकघरात ओट्यापाशी कोसळला होता आणि इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दोन फोनांबद्दल तिने कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. फोनमधली नोंदसुद्धा पुसून टाकली. पण रोज सकाळी अकराच्या सुमाराला तिचा डावा हात आपोआप टेबलाखाली जायचा.

चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात आता सासू आणि सून दोघीच उरल्या. सासूबाई मूळच्या बडबड्या. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही त्याचं दुखणंखुपणं विचारून औषध सांगणाऱ्या. मुलगा गेला आणि त्यांचं तोंडच मिटलं. सकाळी स्वयंपाक करायच्या, सुनेचं ताट झाकून ठेवायच्या आणि मागच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायच्या. घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी दोघी दचकत.

स्टेनोबाईने आयुष्यात देवाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. आता मागायला लागली. आंघोळ करताना, नळ मोठा सोडून, ती म्हणायची, “एकदाच बोल. रागावून बोललास तरी चालेल. पण माझ्याशी बोल.”

रेकॉर्ड-रूममधल्या बाईंनी तिचे डोळे पाहिले आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाल्या, “शनिवारी दुपारी माझ्याबरोबर ये. तिथे देव एकेकाशी नावानिशी बोलतो.”

पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. प्लॅस्टिकच्या तीसेक खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग, एक छोटा माइक. येणारा प्रत्येक जण कुणाला तरी गमावून आलेला. मंडळ चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. त्या मोठ्याने कधीच बोलत नसत. डोळे मिटून माइक ओठांशी धरत आणि म्हणत, “आता मी नाही, तो बोलतोय.” आणि मग आवाज खरंच बदलायचा. खोल जायचा, संथ व्हायचा.

पहिल्या दिवशी स्टेनोबाईच्या शेजारी एक काकू येऊन बसल्या. हातात चहाचा कप दिला, पाठीवरून हात फिरवला. “कसे होते गं ते? शेवटचं कसं पाहिलंस?” इतक्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. ती बोलत सुटली. तो लोकांना गाडी शिकवायचा. शेवटचा पाहिला तो निळ्या शर्टात, दाराशी उभा. घरी म्हातारी सासू आहे, ती शब्दही बोलत नाही. काकू मान डोलवत राहिल्या.

मध्ये दोन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी मोठ्या ताईंनी डोळे मिटले आणि तो खोल आवाज म्हणाला, “माझ्याजवळ एक पुरुष उभा आहे. निळ्या शर्टातला. लोकांना वाट कशी धरायची ते शिकवायचा. त्याची बायको इथे आहे. तिला सांगा, तो सुखरूप आहे.”

स्टेनोबाई खुर्चीवरून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. काकूंशी काय बोललो होतो ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने तिला आपला रुमाल दिला. तो चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याची बायको सहा महिन्यांपूर्वी गेली होती. “रडा,” तो म्हणाला, “मी तर पहिल्या दिवशी रडून रडून स्वतःचाच चष्मा मोडला. चष्मेवाला असून घरी आंधळ्यासारखा गेलो.”

त्यानंतर तिचा एकही शनिवार चुकला नाही.

आधी आवाज नुसता धीर द्यायचा. मग म्हणाला, “तुझ्या घरात एक तोंड मिटलेलं आहे. ते का मिटलंय, याचा विचार कर.” ती विचार करायला लागली. पुढच्या शनिवारी म्हणाला, “त्या तोंडाला काहीतरी माहीत होतं. ते बोललं असतं तर तुझा माणूस आज असता.” घरी जाऊन तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी खरोखरच नजर चुकवली.

“आता त्या हातचं खाऊ नकोस,” आवाज म्हणाला.

ती बाहेरून खाऊन यायला लागली. झाकलेलं ताट झाकलेलंच राहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ते निमूटपणे रिकामं करत आणि ताजं वाढून पुन्हा झाकून ठेवत. ‘का जेवली नाहीस’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि स्टेनोबाईला तेवढाच पुरावा पुरला. रात्री ती आपल्या खोलीला आतून कडी घालायला लागली. ज्या बाईने दोन बाळंतपणं वाया गेली तेव्हा तिचे पाय चेपले होते, तिच्या चपलांचा आवाज आला की तिला कापरं भरायचं.

चष्मेवाल्यालाही असाच निरोप आला होता. त्याचे वडील त्याच्याकडे राहायचे. आवाज म्हणाला, त्या म्हाताऱ्याची सावली घरावर आहे, त्याला दूर ठेव. आठवडाभरात चष्मेवाल्याने त्यांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेऊन सोडलं. “हलकं वाटतंय,” त्याने स्टेनोबाईला सांगितलं. पण त्या दिवशी त्याने विनोद केला नाही, पुढेही कधी केला नाही.

बाराव्या शनिवारसाठी मोठ्या ताईंनी तिला मुद्दाम निरोप धाडला: “त्याचे शेवटचे कपडे घेऊन ये. आज घर मोकळं करायचं आहे.”

इस्पितळातून मिळालेली प्लॅस्टिकची पिशवी कपाटाच्या तळाशी होती. तिची गाठ तिने कधी सोडलीच नव्हती. त्या दिवशी सकाळी पलंगावर बसून सोडली. आतून करड्या रंगाचा स्वेटर निघाला. कोपराशी विरलेला, गळ्याशी इस्पितळात कात्री लावलेला. त्याखाली पांढरा बनियन. निळा शर्ट नव्हताच.

ती स्वेटरकडे बघत राहिली आणि तिला आठवलं. त्या सकाळी त्याला थंडी वाजत होती, म्हणून तिनेच हा स्वेटर काढून दिला होता. निळा शर्ट बाहेरच्या खोलीतल्या फोटोत होता. तो गेल्यापासून तो फोटो बघून बघून तिच्या डोक्यात तोच शर्ट बसला होता. काकूंना तिने सांगितला तो चुकून.

मग देवाने निळा का सांगितला?

चूकसुद्धा तीच. पण माणूस बुडताना हातातली दोरी कुजकी आहे हे कळलं तरी सोडत नाही. तिनेही सोडली नाही. म्हणाली, माझंच काहीतरी चुकत असेल. देवाला रंगाशी काय करायचंय? पिशवीची गाठ पुन्हा मारली आणि निघाली. दाराशी चपला घालताना गॅलरीतून सासूबाईंचं पुटपुटणं ऐकू आलं. कुणाशी तरी बोलावं तशा त्या बोलत होत्या. तिने घाईने दार ओढून घेतलं.

हॉल भरलेला होता. पंखे फिरत होते तरी दमट वाटत होतं. मोठ्या ताईंनी तिला पुढे बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं, पिशवी न उघडताच छातीशी धरली आणि डोळे मिटले.

“हा निळा शर्ट,” तो खोल आवाज म्हणाला, “न्याय मागतोय. म्हातारीने तुझं कुंकू पुसलं. ती घरात राहिली तर अजून एक जीव जाईल. सगळ्यांसमोर तीनदा म्हण, मी तिला घराबाहेर काढेन. घाई कर. वेळ थोडा आहे.”

पहिल्या रांगेतली माणसं पुढे वाकली. कुणीतरी म्हणालं, “म्हण गं, म्हण.”

तिने तोंड उघडलं. माइक तिच्या ओठांपुढे आला. आणि तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला.

तो कुठून आला हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. कानातून आला म्हणावं तर माइकची घरघर त्याच वेळी वेगळी ऐकू येत होती. मनातून म्हणावं तर तिच्या मनात तेव्हा भीतीखेरीज काहीच नव्हतं. तो ना खोल होता, ना गंभीर. आपल्याला पुरतं ओळखणारं कुणी शेजारी बसून बोलावं, तसा होता.

“तू फोन कापलास,” तो म्हणाला. “दोनदा. मला माहीत आहे.”

आणि थोडं थांबून, “आता जा, तिला विचार.”

एवढंच. त्यात राग नव्हता. माफ केलं असंही तो म्हणाला नाही. नुसतं माहीत आहे म्हणाला. तो गेल्यापासून जे ओझं ती एकटी वाहत होती, त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हात लावला, असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला लख्ख दिसलं. बारा शनिवार या हॉलमध्ये देव तिच्याशी बोलत होता. सासूची चूक त्याला माहीत होती, शर्टाचा रंग माहीत होता, पण तिने टेबलाखाली काय केलं हे एकदाही माहीत नव्हतं. कारण ते तिने काकूंना सांगितलंच नव्हतं.

“तो स्वेटर आहे,” ती माइकमध्ये म्हणाली. “करडा स्वेटर. निळा शर्ट मी चुकून सांगितला होता. तुमच्या काकूंना.”

मोठ्या ताईंनी डोळे उघडले. ते डोळे तिने इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. त्यांत राग नव्हता, नुसता हिशेब होता.

“शंका आली की तो निघून जातो,” ताई स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाल्या. “घरी गेलीस तर काय दिसेल, त्याला मी जबाबदार नाही.”

तिने त्यांच्या हातातून पिशवी ओढून घेतली. चष्मेवाल्याने वाटेत तिची बाही धरली. “बसा हो, बसा. असं उठून जाऊ नये. रागावतील.” त्याचा हात थंडगार होता. तिने बाही सोडवली आणि जिना उतरली. अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं की आपण पळतोय.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. चार जिने ती चढली. दार उघडलं तर घरात भर दुपारचं ऊन, ओट्यावर झाकलेलं ताट, आणि मागच्या गॅलरीचं दार सताड उघडं.

स्टूल कठड्याला टेकवलेलं होतं. सासूबाई त्यावर उभ्या होत्या. चपला स्टुलाखाली नीट जोडून ठेवलेल्या. दोन्ही हात कठड्यावर, मान खाली वाकलेली, आणि त्या खालच्या सिमेंटच्या अंगणाशी बोलत होत्या. “आले रे. आले. जरा दम धर.”

ओरडावं तर म्हातारी दचकेल. स्टेनोबाई चपला काढून पावलांचा आवाज न करता गेली आणि मागून त्यांच्या कंबरेला दोन्ही हातांचा विळखा घातला. त्या हातांना हाडंच लागली. झाकलेल्या ताटांच्या दिवसांत म्हातारीही जेवली नव्हती.

“आई,” ती म्हणाली, “कोण बोलावतंय?”

सासूबाई वळल्या नाहीत. “तो. रोज या वेळेला हाक मारतो. म्हणतो, आई ये, मी एकटाच आहे, मला थंडी वाजतेय.”

खाली अंगणात कुणी नव्हतं. एक सायकल भिंतीला टेकून उभी होती. तरी त्या क्षणी स्टेनोबाईलाही तिथे कान द्यायची भीती वाटली.

“आई, त्याने आयुष्यात कधी कुणाला ‘ये’ म्हटलं होतं का?” ती हळू बोलत होती, शब्द सापडतील तशी. “तुम्ही बाजारात गेलात, मी कोर्टात अडकले, काय म्हणायचा तो? ‘थांबा तिथेच, मी न्यायला येतो.’ असंच ना? तुम्हाला पिशवी घेऊन एक जिना उतरू द्यायचा नाही. तो तुम्हाला इथून उडी मारून यायला सांगेल?”

म्हातारीने कठड्यावरचा एक हात काढून सुनेच्या हातावर ठेवला. “आवाज त्याचाच आहे गं.”

“आवाज असेल. बोलणं त्याचं नाही.”

स्टेनोबाईने त्यांना उचलून खाली घेतलं. दोघी गॅलरीच्या फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकून. ऊन पायांवर येत होतं. हॉलमध्ये मिळालेलं ते छोटं वाक्य अजून तिच्यापाशी होतं. तिने विचारलं.

“तुम्हाला काय माहीत होतं, आई?”

सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. “तीन दिवस छातीत दुखत होतं त्याच्या. मला म्हणाला, हिला सांगू नकोस, हिचा मोठा खटला चालू आहे. स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. लेकराचं ऐकलं मी. मेलीने लेकराचं ऐकलं.”

म्हणजे हॉलमधल्या आवाजाने अंधारात मारलेला दगड बरोबर लागला होता. स्टेनोबाईच्या डोक्यात रक्त चढलं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. याच जागी तो पडला होता. तीन दिवस. डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे होता. तिला म्हातारीला गदागदा हलवावंसं वाटलं. त्याच वेळी तिला हेही कळत होतं की हे तिला एका वाक्यात विचारता आलं असतं, कुठल्याही दिवशी. त्या हॉलने तिला सगळं शिकवलं, फक्त विचारायला शिकवलं नाही.

ती परत गेली. पण माफी वगैरे काही तिच्या तोंडून निघाली नाही. स्टूल घरात घेतलं, गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत घातली. ओट्यावरचं ताट उघडून दोन वाटण्या केल्या. दोघी एका अक्षरानेही न बोलता जेवल्या.

तिने आपली गोष्ट सांगितली ती चौथ्या दिवशी, भांडी विसळताना. “त्याने मला फोन केला होता. मी कापला.”

सासूबाईंचा पुसायचा हात थांबला. “किती वेळा?”

“दोनदा.”

म्हातारीने ताट दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं. “मी शेजारच्या खोलीत होते,” त्या शेवटी म्हणाल्या. “दार उघडं होतं. मला हाक नाही मारली. तुला मारली.” आणि त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. स्टेनोबाईने आरोपाची तयारी केली होती. हे दुःख तिला सुचलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ती त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसली. पायांना हात लावला तर त्यांनी झिडकारला नाही.

मंडळाकडून निरोप येत राहिले. आधी गोड, मग कमी गोड. शेवटचा दाराखालून सरकवलेला होता: ‘घरातून अजून एक जाणार.’ अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस सासूबाई खोकल्या तरी तिच्या काळजात लक्क व्हायचं. घाबरवणारं वाक्य खोटं आहे हे माहीत असून भागत नाही, ते घरात येऊन राहतंच. तो दुसरा आवाज मात्र पुन्हा आला नाही. तिने नळ सोडून, नळ बंद करून, कोर्टाच्या रिकाम्या खोलीत बसून वाट पाहिली. आला नाही.

पाचेक महिन्यांनी एका शुक्रवारी, कोर्ट सुटल्यावर, फाटकाशी चष्मेवाला उभा दिसला. दाढी वाढलेली, चष्म्याच्या काचा मळलेल्या. दोघं समोरच्या बाकावर बसली.

“वडील गेले,” तो म्हणाला. “वृद्धाश्रमात. आठ आठवड्यांत. मला कळवलं तेव्हा नेऊन ठेवलं होतं शववाहिकेत.”

“तुम्हाला त्या दिवशी कसं कळलं? एवढंच विचारायला आलोय.” त्याने चष्मा काढून हातात घेतला. “कारण मलाही एकदा एक वेगळाच आवाज आला होता. वडिलांना तिथे उतरवताना. फार हळू. ‘त्यांची बॅग परत गाडीत ठेव.’ बस, एवढंच. मला वाटलं माझंच मन कच्चं आहे. मी बॅग उचलून आत नेऊन दिली.”

“घाई करत होता का?”

“नाही.”

“भीती घातली?”

“नाही.”

“कुणाला नावं ठेवली?”

तो रडायला लागला. उलटतपासणी घ्यावी तसं आपण विचारतोय हे तिला कळलं आणि ती ओशाळून गप्प बसली.

“सांगायचं अजून राहिलंय,” तो काचा शर्टाला पुसत म्हणाला. “मी तिथे जाणं सोडलं नाही. सोडलं तर वडील फुकट गेले, असं वाटायचं. आता मला नव्या माणसांशेजारी बसवतात. चहा द्यायला. गेल्या शनिवारी एक बाई आली. तिची मुलगी गेलीये, नऊ वर्षांची. तिने जे सांगितलं ते मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. संध्याकाळी ताईंना द्यायची असते. दिली नाही. आठवडाभर खिशात आहे.”

“उद्या त्या बाई येतील?”

“येतील.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पडद्यांच्या दुकानाशेजारच्या जिन्यापाशी उभी राहिली. बाई आल्या. हातात लहान मुलीची पाण्याची बाटली होती, रिकामी. चष्मेवाला पुढे झाला आणि परत मागे सरकला. स्टेनोबाईच म्हणाली, “वर जाऊ नका. तिथे बोलतो तो देव नाही.”

बाईंनी दोघांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी तिची मुलगी दुसऱ्यांदा हिरावून घेतली. “तुम्ही कोण मला सांगणार?” त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

वरून माइकची घरघर येत होती, मधूनच हुंदके. चष्मेवाला म्हणाला, “चला, गेल्या त्या.” स्टेनोबाई पायरीवर बसली. “येतील ना खाली कधीतरी,” ती म्हणाली. तोही बसला.

दीड तासाने बाई उतरल्या त्या कठड्याला धरून. चेहरा पांढराफटक. त्यांना बघून थांबल्या आणि कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून बोलल्या, “माझ्यासाठी काही आलं नाही आज. सगळ्यांशी बोलला. ताई म्हणाल्या, तुमच्या मनात खोट आहे म्हणून तो गप्प आहे.” त्यांनी रिकामी बाटली छातीशी धरली. “माझ्यात काय खोट आहे हो?”

चष्मेवाल्याने खिशात हात घातला. चिठ्ठी घड्यांवर मऊ पडली होती. ती त्याने दोन्ही हातांनी पुढे केली. मान मात्र त्याला वर करता आली नाही.

बाईंनी घडी उलगडली. मुलीचं वय, तिचा आजार, ती झोपताना मागायची ते गाणं, शाळेच्या डब्यावरचं चित्र. सगळं त्यांचंच बोललेलं, दुसऱ्याच्या अक्षरात. त्यांनी ते एकदा वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून, बोट ठेवून. स्टेनोबाई सरकली आणि पायरीवर त्यांच्यासाठी जागा केली.